किती वेळा?

भट्ट्या दुरुस्त करणारा वर्नर हालोनेन गेला
तेव्हा त्याच्या गॅरेजात निघाल्या
मापाप्रमाणे लावलेल्या खिळ्यांच्या बरण्या,
बर्फ उपसायची दोन फावडी,
आणि बँकेत एक लाख ब्याण्णव हजार डॉलर.
बहिणीलाही पत्ता नव्हता.
ती म्हणाली, मेला चहाची पिशवी दोनदा बुडवायचा.

सगळे पैसे आमच्या कॉलेजला.
आमचं म्हणजे महामार्गालगत,
टायरच्या दुकानापलीकडे,
सरोवरावरचा वारा थेट अंगावर घेणारं
दोन वर्षांचं कॉलेज.
इथं वेल्डिंग शिकवतात, नर्सिंग शिकवतात,
आणि चाळिशीतल्या माणसांना
पुन्हा एकदा अपूर्णांक.

मृत्युपत्रात अट एवढीच:
जो नापास झाला
आणि त्याच विषयाला पुन्हा बसला,
त्यालाच द्यावेत.

समितीचं घोडं तिथंच अडलं.
डीन बाई म्हणाल्या, मग गुणवत्तेचं काय?
वकील म्हणाला, अट म्हणजे अट.
कुणीतरी पुटपुटलं, अर्ज करणार कोण?
आपल्या हातानं कोण लिहील आपली लाज?
फॉर्म मी टाइप केला.
नाव. पत्ता. विषय.
आणि खाली एक छोटा चौकोन:
किती वेळा?

तीन आठवडे पेटी रिकामी.
मग डार्ला ब्यूप्रे आली, बुटांना बर्फ,
अंगात वृद्धाश्रमाचा निळा गणवेश,
आणि अर्ज माझ्या टेबलावर
पालथा ठेवून गेली.
हाडं तिला ठाऊक होती,
म्हाताऱ्यांची कूस बदलताना
रोज रात्री हाताला लागणारी.
त्यांची लॅटिन नावं तेवढी
रात्रपाळीनंतर डोक्यात टिकत नव्हती.
चौकोनात लिहिलं होतं: दोन.
आकडा आधी खोडलेला,
मग पुन्हा तोच.

फी भागली, पुस्तक आलं,
फेब्रुवारीचं पेट्रोलही सुटलं त्यात.

मे महिन्यात जिममध्ये जेवण.
बास्केटबॉलच्या जाळीखाली कागदी टेबलक्लॉथ,
कोंबडी थोडी कोरडी, शेंगा मात्र छान.
पहिले आलेले उभे राहिले, टाळ्या झाल्या.
मग हालोनेन पारितोषिक.
निवेदकानं कारण गिळून टाकलं,
नुसतं नाव वाचलं.
डार्लानं माइक हातात घेतला, म्हणाली,
ॲनाटॉमी. दोनदा. यंदा बी.
आणि जाऊन बसली.

क्षणभर कुणाला कळेना
यावर टाळी द्यायची की नाही.
स्वयंपाकघराच्या दारातून आधी वाजवली
बॉयलर सांभाळणाऱ्या रे सॅलोनं,
जाड हातमोजे घालूनच,
त्यामुळे आवाज आला
कुणी उशी झटकल्यासारखा.

खुर्च्या घड्या करताना रे मला म्हणाला,
वर्नर बॉयलरच्या लायसन्सला
तीनदा आपटला होता, माहितेय?
माझ्या परीक्षेच्या आदल्या रात्री
खाली बॉयलरपाशी बसला, प्रश्न विचारत,
थर्मास संपेपर्यंत.
चुकलो की काही बोलायचा नाही,
तोच प्रश्न परत विचारायचा.
मग रेनं आणखी चार खुर्च्या उचलल्या
आणि विषय तिथंच राहिला.

डीन बाई अजून म्हणतात,
तो चौकोन काढून टाकू या,
वाचायला बरं वाटत नाही.
मी हो म्हणते. आणि दर वर्षी
विसरते.

यंदाचे अर्ज जानेवारीत आले.
बाहेर उणे एकोणीस,
पाइपातून वाफेचे ठोके.
सदतिसावा अर्ज
वेल्डिंगच्या एका पोराचा, विषय गणित,
कागदाला जळका वास.
चौकोनात त्यानं लिहिलंय चार,
आणि बाजूला, जागा नव्हती तरी,
मुंगीएवढ्या अक्षरात:
अजून तरी.