सोडण्याचे कारण

ढमढेरे क्लार्क विचारतात,
"कॉलेज सोडण्याचं कारण?"
आणि मी तोंड उघडायच्या आत दाखल्यावर लिहूनही टाकतात :
पुढील शिक्षणासाठी.
वर्तणूक : चांगली.
दोन वर्षं संज्ञापन शिकले,
इथे एक वाक्य लागलं नाही.

मंगळवार पेठेत, टायरच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्याला आमचं कॉलेज,
साडेसहाला पहिला तास.
बुधवारी खाली जुना बाजार उठत असायचा,
गोणपाटावर मेलेले टेलिफोन
स्वतःच्याच वायरी गुंडाळून बसलेले.
इरफाना त्यातला एक रिसीव्हर उचलून कानाला लावायची.
"कोण आहे?" मी विचारायचे.
"अजून कोणी नाही."
विकणारा वैतागायचा,
घ्यायचं नाही तर ऐकता कशाला?

मोहोळकर सर फळ्यावर काढायचे
एक चौकोन, एक बाण, दुसरा चौकोन.
पाठवणारा. निरोप. घेणारा.
मग बाणावर वाकड्यातिकड्या रेघा, खडू मोडेपर्यंत :
हा गोंगाट.
"मधे जे जे येतं ते सगळं. उदाहरण द्या."
कुणी म्हणालं हॉर्न, कुणी नेटवर्क.
मी वहीत लिहिलं :
भोसरी, पॉवर प्रेस नंबर चार, एकोणीस वर्षं.
हात वर केला नाही.

आईशी आम्ही मोठ्यानं बोलतो.
नव्या शेजाऱ्यांना वाटतं, भांडतो.
लाइट गेली की ती बोलणंच सोडते,
ओठ दिसत नाहीत ना.
अंधारात माझ्या मनगटावर बोट वाजवते.
एकदा : झोपलीस का.
दोनदा : ऊठ, पाणी आलंय.

दुसऱ्या सत्रात मुलाखत होती, दहा गुणांची.
मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला.
केस नीट आहेत का, तिनं दोनदा विचारलं,
फक्त आवाजच जाणार होता तरी.
मी म्हटलं, "तुला काय व्हायचं होतं?"
तिला ऐकू आलं, तुला काय हवं होतं.
जरा थांबून म्हणाली,
"खिडकीजवळचं मशीन.
ते सुमन कुदळेला मिळालं.
ती सुपरवायझरच्या गावची."
आठ मिनिटांतली पाच मिनिटं खिडकीच.
बाहेर शेवग्याचं झाड होतं म्हणे,
शेंगा लागल्या की जेवणाच्या सुट्टीत बायका काठी शोधायच्या.
मी प्रश्न पुन्हा विचारला नाही.
सरांनी सात दिले. लाल शाईत शेरा :
प्रश्न आणि उत्तर यांचा मेळ नाही.

दाखला घेतला त्या दिवशी सर रजेवर.
निरोप घ्यायचा राहिला, म्हणून ठेवला,
खडूच्या डब्याखाली चिठ्ठी :
सर, गोंगाटाचं उदाहरण द्यायचं होतं.
आणि ते दिलं, नंबरासकट.

विद्यापीठात खिडकी नंबर तीनवर
माझी क्रेडिट्स मोजली.
चव्वेचाळीसपैकी चाळीस घेतली.
"हे चार नाही. आंतरव्यक्ती संज्ञापन.
कोड जुळत नाही, विषय पुन्हा करा."
मला हसू आलं.
मागच्या मुलाला घाई होती, त्याला आलं नाही.

घरी आईकडे तोंड करून सावकाश सांगितलं,
मिळाला प्रवेश.
तिनं पावती उलटसुलट पाहिली,
हात पदराला पुसून पुन्हा पाहिली.
"बसायला जागा कुठली देणार?"
"ठरलं नाही अजून."
काय ऐकू गेलं, कोण जाणे. हसली.

रात्री दिवा मालवल्यावर
मनगटावर बोट वाजलं. तीनदा.
तीनचं आमच्यात काही ठरलेलं नव्हतं.
पाणी आलं असेल म्हणून उठले,
नळ कोरडा.
परत आले, चाचपडत तिचा हात शोधला
आणि तीनदा वाजवलं.