कॅलिस्टोवरची दुपार

भरदुपारी उणे एकशे आठ.
हा तिथला उन्हाळा, डेल्फिना म्हणते
आणि स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढते.
आटाकामात पहाटेचे चार. अँटेना वळतात.

काळ्या धुळीतून बर्फ उठतो,
पाणी न होताच,
आणि विवराच्या काठावर, सावलीच्या अंगाला
जाऊन बसतो.
जिथं आधीच गारठा आहे, तिथंच.

पलीकडे बोलिव्हियात आई
गवतावर बटाटे पसरून निजली असेल.
तिला आकडे लागत नाहीत.
पहाटे दहिवर पायाखाली कुरकुरलं
की म्हणते, धरलं.
मग अनवाणी तुडवून पाणी काढते,
उन्हात वाळवते. हलके, काळे,
दहा वर्षं टिकणारे खडे.

डेल्फिना तापमान भरते.
वहीच्या कडेला, पेन्सिलीनं,
कुणी विचारू नये इतकं बारीक:
धरलं.