सातव्या खटक्यावर

परवा रात्री गाडी आपणहून निघाली.
मी झोपेत, किल्ली फ्रिजवर,
हँडब्रेक अकराव्या खटक्यापर्यंत ओढलेला,
तरीही.
अंबाजोगाईत आमच्या गल्लीला उतारच असा आहे,
इथं सांडलेलं दूधसुद्धा थांबून विचार करत नाही.
बारा-पंधरा हात मागं जाऊन ती टेकली
नफीसा खालांच्या निळ्या ड्रमला.
ड्रम आडवा.
नळाला आठव्या दिवशी पाणी,
आणि ड्रम आदल्या दिवशीच भरलेला.

सकाळी गल्ली लग्नघरासारखी धुतलेली.
मी माफीची वाक्यं जुळवत खाली आले,
तर मागच्या चाकाखाली एक काळा दगड
नीट सरकवून ठेवलेला,
आणि खालांचं दार बंद.
आमच्यात खटके कधी उडाले नव्हते.
म्हणजे तेवढं बोलणंच नव्हतं.

परळीचा मावसभाऊ फोनवर म्हणाला,
अकरा? सातला धरला पाहिजे.
केबल सैल पडली असंल, दहाचा पाना घे.
मेकॅनिक रविवारी आडसला, सासरवाडीत.
आणि सपाट जागा अख्ख्या गल्लीत एकच,
खालांच्या दारापुढं.

दोन सीटमधलं प्लॅस्टिक उचकटलं.
खाली बिस्किटाचा चुरा, दोन रुपयांचं नाणं,
लातूरच्या आधीच्या मालकाच्या घरातलं
कुणाचं तरी लाल बटण.
त्याखाली केबल, केबलवर गंजलेला नट.
पुढच्या चाकांना विटा लावल्या,
मागचं एक चाक जॅकवर.
आता आत बसून ओढायचं मी,
आणि बाहेर चाक फिरवून बघायचंही मीच.
चार वेळा आत-बाहेर केलं.
पाचव्या वेळी दार उघडलं.
"काय करायलीस गं सकाळपासून?"
सांगितलं.
ओढणी खोचून खाला चाकाशी बसल्या,
जसं काही पिठाची गिरणी दुरुस्त करायचीय.

"फिरतंय का?"
"फिरतंय."
नट अर्धा फेरा.
"आता?"
"फिरतंय की मजेत."
अजून एक फेरा. सहा, सात. "आता?"
"गच्च."
मी खूश. ब्रेक सोडला, आता फिरवा म्हटलं.
"फिरतंय, पण कण्हत कण्हत."

म्हणजे जास्त झालं.
सोडल्यावर सुटलंच पाहिजे,
नाहीतर घाट उतरेपर्यंत ड्रम तापून धूर.
पाव फेरा उलटा.
दिवसभर लॅबमध्ये मी रक्तातल्या पेशी मोजते,
पण पाव फेऱ्याला इतका जीव लावून
कधी काही मोजलं नव्हतं.
मग दुसरं चाक. तेच सगळं पुन्हा.
खालांच्या बोटांना काळं, माझ्या कपाळालाही.

गाडी वर नेली, उतारावर.
न्यूट्रल. सात खटके. पायातला ब्रेक सोडला.
उभी राहिली.
मी बाजूला ठेवलेला दगड उचलला,
वाटला त्याहून जड निघाला.
"हा कुठं ठेवू?"
"त्या झाकणावर. माकडं उचकटतात."

ड्रम परत उभा होता, तळाला दोन बोटं पाणी,
आणि झाकणावर, दगडाच्या जागी,
वरवंटा.
खालांनी तो उचलून पदराला पुसला.
"तीन दिस झाले, घरात चटणी नाही,"
एवढंच बोलल्या,
तक्रार होती की हिशेब, कळलं नाही.
संध्याकाळी माझ्या टाकीला पाइप लावून
मी त्यांचा ड्रम निम्मा भरला.
तेवढंच होतं माझ्याकडं.

परवा नाइट ड्युटीवरून दीडला आले.
लाइट गेलेली, गल्ली इतकी शांत
की हँडब्रेक ओढताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.
एक, दोन, तीन.
खालांच्या खिडकीत कंदील होता.
सातव्या खटक्याला तो मालवला.