एकविसावं अक्षर

तुर्बयोर्ग,
स्तावांगरहून तू धाडलेला फोटो
अंत्सिराबेत उतरायला पाऊण दिवस लागला.
आमची वीज मध्येच जाते, म्हणून
आधी आलं आभाळ, मग पाद्र्याची टोपी,
मग अंधार.
उरलेलं संध्याकाळी दिसलं :
खुर्चीत तो, मांडीवर जाडजूड पुस्तक,
मागे एकजण उभा, खांद्यावर पांढरा लांबा,
उजव्या हाताची दोन बोटं काळी.
खाली तुमच्या नोंदीत :
"कोशकार, मदतनीसासह."

राझानामाहासुआ बाजारात गाजरं विकते.
हात धुऊन आली होती, तरी नखांत माती.
फडक्यातून तिनं पणजोबाची वही काढली.
खर्चाची. मीठ, मेणबत्त्या, एका बैलाचे अर्धे पैसे.
"हाच तो," म्हणाली, "बोटांवरून सांगते."
बोटांवरून नोंद बदलता येत नाही, मी म्हणाले
आणि रात्री जेवताना स्वतःचाच राग आला.

म्हणून तुला लिहिलं.
शनिवारी तुमचं तळघर गारठलेलं असतं.
तू अंगातला कोट न काढता
चौदा पेट्या उघडल्यास.
कोशाच्या चिठ्ठ्या चार हजारांवर,
एकीवरही पाद्र्याचा हात नाही.
प्रत्येक झेडच्या पोटातून आडवी रेघ,
आणि इथे, मिठाच्या हिशेबात,
तीच रेघ.

आमचे पास्टर म्हणतात, देवाच्या वहीत त्याचं नाव आहेच.
असेल.
मी त्या वहीची ग्रंथपाल नाही.
माझ्याकडे ही आहे, जिला कसर लागते,
आणि जिच्यात ही एवढी कसर
सव्वाशे वर्षं कुणाला दिसली नाही.

मग नाव भरायला बसले.
राइनित्सिम्बाझाफिमानाना.
आमच्या लिपीत एकवीस अक्षरं.
आपल्या सामायिक सूचीच्या खणात जागा वीस.
कधीतरी कुणीतरी ठरवलं असणार,
माणसाला एवढं पुरे.
शेवटचा ए बाहेर राहिला.
तू विचारलंस, बोलताना तुम्ही तो गिळताच ना?
गिळतो. खरं आहे.
पण मानाना म्हणजे ज्याच्यापाशी काही आहे तो,
आणि ही बाई माझ्याशेजारी उभी राहून
पडद्यावरची अक्षरं बोटांच्या पेरांवर मोजत होती.
विसाव्या पेरावर अंगठा थांबला.
बोलली काहीच नाही.

लिमुरूच्या गाथोगोला फोन लावला.
अर्धा पगार, उसना संगणक,
सेमिनरीच्या घंटेमुळे त्याचं निम्मं बोलणं कळत नाही.
आपली संघटना तरी काय,
सात देशांतली अकरा माणसं.
चार वर्षांतून एकदा भेटतो, कागदी कपात चहा पितो,
ठराव करतो जे कुणी वाचत नाही,
आणि निघताना एकमेकांच्या पिशव्यांत
डिंक, जपानी कागद, जुने फितीचे रोल कोंबतो.
गाथोगो दोन रात्री जागला.
तिसऱ्या सकाळी निरोप :
"ऐंशी केलेत. आता घाल."

घातलं. मावलं.
त्याच आठवड्यात आपियाहून एक नाव आलं,
कुमासीहून दोन, त्यातलं एक बाईचं,
तिची नोंद आजवर "स्वयंपाकीण" अशी होती
आणि तिनं स्तोत्रांची अख्खी वही उतरवली होती.
तुमचं मंडळ छापील सूची बदलायला अजून तयार नाही,
हे तू तिसऱ्यांदा कळवलंस.
तिसऱ्यांदा कळवलंस म्हणजे
तू तीनदा विचारलंस, हे मला समजलं.

काल राझानामाहासुआ छापलेला कागद न्यायला आली.
पैसे किती, म्हणाली. नाही म्हटलं
तर टेबलावर गाजरांची जुडी, मातीसकट.
चष्मा नाकावर ओढून तिनं नाव वाचलं,
शेवटपर्यंत, न गिळता.
मग फोटोतल्या खुर्चीवर बोट ठेवून विचारलं :
"आणि पणजोबांच्या पुढ्यात बसलाय
तो कोण?"