वरीलप्रमाणे

पहिल्या दिवशी टूल उघडलं
तर स्क्रीनवर नुसते दोन रकाने.
डावीकडे आपलं, उजवीकडे त्यांचं,
मधे पांढरी जागा,
ऊस तुटून गेलेल्या वावरासारखी.

पुण्याचे सर म्हणाले, माउसने रेघ ओढा.
इकडचा 'ताप' तिकडच्या 'तापा'ला.
ओढली. हिरवी झाली.
"झालं की, इतकंच असतं," म्हणाले,
आणि चारच्या गाडीने निघून गेले.

मग शहाद्याच्या त्या पत्र्याखालच्या खोलीत
मी, सायसिंग पावरा आणि अकरा हजार ओळी.
सातपुड्यातल्या सहा उपकेंद्रांची
सिकलसेल तपासणीची रजिस्टरं.
एकावर स्पिरिटचा डाग,
एकावर चहाच्या कपाचं कडं.

डावीकडे: हाडं ठणकतस.
टूल सुचवतं: दात. जुळणी एक्केचाळीस टक्के.
नाही.
सुचवतं: अस्थिभंग. अठ्ठावन्न.
अरे नाही बाबा.
शेवटी मीच शोधते, सांधेदुखी, वारंवार,
आणि रेघ ओढते.
पण बाईंनी पुढे लिहिलंय 'थंडीमा जास्ती',
ती थंडी माझ्या हातातच राहते.
उजवीकडे तिला खुंटी नाही.

जन्मतारखांपाशी टूल लाल झालं.
तीन हजार माणसं एकाच तारखेला, एक जूनला?
चूक असावी, तपासा.
सायसिंग हसला. त्याचीही एक जूनच.
"आईने पावसाळ्यात कधीतरी दिला जन्म,
गुरुजींनी शाळेत घालताना पुन्हा एकदा."

गावांच्या यादीत सगळ्यात मोठं गाव निघालं
वरीलप्रमाणे.
लोकसंख्या सहाशे बारा.
नकाशात सापडेना, टूल आम्हालाच विचारी,
अक्षांश? रेखांश?
तळोद्याला निवृत्त रमशीबाई सिस्टरना फोन लावला.
त्या खोकेपर्यंत हसल्या.
"ते गाव नही शे, बहिन.
दीडशे लोक एका झाडाखाले,
हात दुखी गया व्हता मन्हा."

मग एकेकाला उचलून
त्याच्या त्याच्या गावी सोडत गेलो.
कुंड्यापाडा, कुंडेपाडा, कुं.पा.,
तिघांना एकच नंबर.
दोन दिवस गेले, वीज तीनदा गेली.
गाव ओस पडत चाललं.

राहिले एकोणीस.
त्यांच्या पानाची पहिलीच ओळ 'वरीलप्रमाणे'
आणि वरचं पान नाही.
शिवण उसवलेली, दोऱ्याला कागदाची चिंधी.

सर सांगून गेले होते,
जुळत नसेल तर शून्य टाका, पुढे चला.
शून्याला टूल रागवत नाही.
लालही होत नाही.

एकोणिसांत सातवी ओळ:
दिवल्या, वय सहा, मुलगा.
रिपोर्टच्या रकान्यात गोल करून 'पॉझिटिव्ह'.
शेऱ्यात: रक्त देताना रडला नाही.
आता असेल तर अकरा वर्षांचा.

मी शून्य टाकला नाही, सेव्हही केलं नाही.
सायसिंगने पानाचा फोटो काढला,
मोटरसायकलला किक मारली
आणि बाजाराच्या दिवशी धडगावला गेला,
माणसं जिथे डोंगरावरून आपणहून उतरतात.

दुपारी त्याचा मिस्ड कॉल आला एक.
मी लावला तर रेंज नाही.
स्क्रीनवर कर्सर लुकलुकतोय सातव्या ओळीत,
गाव म्हणून रकाना आहे, त्यात.