चाल

माझं काम चाल बघायचं.
हॅलिफॅक्सच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
दोन समांतर दांड्यांच्या मधे
माणसं पुन्हा पाय टाकायला शिकतात
आणि मी मोजते.

एनिड हेलिवेल. वय एक्क्याऐंशी, खुबा नवा.
चौसष्ट वर्षं होमरॉइडच्या चॅपलात ऑर्गनवर.
तिसऱ्याच दिवशी मला म्हणाली,
"एक-दोन, एक-दोन काय करतेस पोरी,
याच्यावर कोण चालेल?"
आणि गुणगुणली चार ओळी:
आठ अक्षरं, सहा, परत आठ, परत सहा.

चालीचं नावही होमरॉइडच.
इथे चालींना गावांची नावं देतात,
शब्दांशी त्यांचं लग्न लागलेलं नसतं.
मी सांगितलं, आमच्या भजनांच्या चोपड्यांत
पदाच्या डोक्यावर छापतात, "चाल: अमुक तमुक",
आणि ते अमुक तमुक आता कुणालाच येत नसतं.
ती इतकी हसली की टाके दुखले.

रचली जाबेझ अ‍ॅकरॉइडने, हातमागावरच्या विणकराने.
डावा पाय आखूड.
दर शनिवारी विणलेलं ठाण खांद्यावर टाकून
माळावरून सहा मैल, कापडबाजारापर्यंत.
"तिसऱ्या ओळीत ओढा लागतो," एनिड म्हणाली,
जसा काही कागदावर पाणी काढलेलं असतं.
ओढ्यावरच्या फरशीपाशी तो थांबायचा,
ठाण या खांद्यावरून त्या खांद्यावर,
तेवढी एक मात्रा रिकामी.
ताल मोजताना टाळी न देता
हात नुसता उलटा करतात ना आपल्याकडे,
तशी.

उपदेशक म्हणायचे, ही गुत्त्यातली चाल, विटाळलेली.
जाबेझच्या बहिणीची नात म्हणायची, पाळण्याची.
एनिडला दोन्ही कबूल:
"गुत्त्यातून काय, पाळण्यापाशी काय,
लंगडा लंगडतच येणार."

मग लीड्सच्या कुणा संपादकाने तिला इस्त्री केली.
चार आवाज बसवले,
खर्ज सतरंजीसारखा खाली अंथरला,
ओढा बुजवला.
बोटीतून ती पेनसिल्व्हेनियाला गेली,
तिथल्या कोळसाखाणीच्या बँडने पितळेत वाजवली,
लग्नात झपझप, मातीला इतकी सावकाश
की शब्द विसरून लोक नुसते श्वास घेत.
शाळेतल्या पोरांनी बासरीवर तिचे हाल केले.
सगळीकडे सरळ चालली बिचारी,
दोन्ही पाय सारखे.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तिने पुतण्याकडून
ऑर्गनच्या बाकातला कागद मागवला.
हिशेबाची चिठ्ठी: ठाणं चार, एकावर डाग,
डागाचा एक शिलिंग कापला.
पाठीमागे स्वर, मुंगीएवढे.
तिसऱ्या ओळीच्या मधोमध शाईचा ठिपका.
विराम की नुसता ठिपका,
तिलाही ठाऊक नाही.
"पण मी विरामच धरणार," म्हणाली,
"माझं वय बघता."

चॅपल विकलंय. आता तिथे फ्लॅट होतील,
खिडक्यांची रंगीत काच तशीच ठेवून.
शेवटच्या रविवारी आम्ही अकरा जण, मला धरून.
एनिडने वाजवली, तिसऱ्या ओळीत थांबली,
आणि आम्ही दहा जण सरळ पाण्यात.
फक्त ग्लेडहिल प्लंबर, कानाने अधू,
नेहमीसारखाच एक मात्रा मागे असलेला,
कोरड्या पायांनी पलीकडे.

नंतर चहा झाला, सुका केक,
किल्ली मोजून घेणारा माणूस दारात ताटकळत.
फाईलमध्ये मी आधीच लिहून ठेवलं होतं:
चाल किंचित असमान. आधाराशिवाय.
ती काठी टेकत उतरली,
तिसऱ्या पायरीवर उगाचच थांबली.
मी हात पुढे केला नाही.
पर्स तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.