पाच फोडी

नागपूरच्या दवाखान्यात गोड पाणी पाजलं
आणि दर अर्ध्या तासानं माझा श्वास नळीत भरून घेतला.
मी फुंकत राहिले,
ओल्या तुऱ्हाट्यांवर चहा ठेवताना फुंकते तशी.
तीन वाजता कागद आला :
फळातली साखर हिच्या आतड्याला झेपत नाही.

म्हणजे इतकी वर्षं
पोटाचं गुपित श्वासाला ठाऊक होतं,
मला सोडून.

मी वरुडला संत्री निवडते.
एक नंबर, दोन नंबर, चुरी.
अठरा वर्षांत किती लाख फळं या तळहातावरून गेली
देव जाणे. सालीचं तेल नखात मुरलंय,
भाकर थापली तरी भाकरीला वास.

बाई म्हणाल्या, आंबा नको, मध नको,
सीताफळ तर नकोच, गहू-कांदा बेतानं.
संत्रं? अर्धं खाऊन बघा.
आणि सगळं लिहून ठेवा.

सासूबाईंनी लिंबू उतरवून तिठ्यावर टाकलं.
लिंबू मला चालतं, मी मनात म्हटलं,
वाया गेलं.

पोराची उरलेली चौरेघी वही :
सोमवार. ज्वारीची भाकर, पालक. बरं.
मंगळवार. पाटवडीचा रस्सा. रात्रभर पोटात डफडं.
बुधवार. फोडणीआधी काढलेलं मुगाचं वरण, भात. झोप लागली.
गुरुवार. सीताफळ. अर्धं.
माहीत होतं तरी.

शुक्रवारचं पान कोरं आहे.
शुक्रवारी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

संध्याकाळी हे एक संत्रं सोलतात.
पाच फोडी माझ्या ताटलीत, मोजून,
उरलेल्या स्वतः खातात,
बिया मुठीत गोळा करत, काही न बोलता.
मी एकेक फोड इतकी हळू खाते
की पोरं हसतात.

लोणीच्या लग्नात पंगतीला बसले.
वाढपी बुंदी घेऊन उभा, मी हात आडवा धरलेला,
आणि शेजारची कुणीतरी :
"संत्र्याच्या गावात राहून संत्रंबी मोजून खाते म्हणे!"

मोठ्या नणंदबाई पलीकडून म्हणाल्या,
"तिचं सोड वो. आमच्या गुणवंताले पाह्य.
लहानपणापासून संत्रं पाहूनच तोंड वाकडं होये त्याचं.
माय मारे, तरी नाही खाये."

मी भात कालवत राहिले.
वरण गार झालं.

घरी आल्यावर विचारलं नाही.
ह्यांनी संत्रं घेतलं, अंगठ्यानं देठ दाबला,
साल एका लांब पट्टीत निघाली.
पाच मला.
मग पहिली फोड तोंडात टाकताना
यांचा डावा डोळा जरासा मिटला.
रोज मिटत असणार.

वहीत लिहिलं :
शनिवार. लग्नाचा भात. संत्रं, पाच.
पोट शांत.
खाली अजून एक ओळ लिहिली होती,
ती खोडली. पोरगा वही बघतो कधीकधी.